शेपट्या दाखवा

१२ नोव्हेंबर

झाली एकदाची पहिली भेट. भेट कसली डोंबलाची! वीतभर फोनमध्ये बोटभर माणसं, आणि म्हणे, "मावशी, समजा तुम्ही आमच्या गोठ्यातच आलात!" गोठ्यात आले असते तर मला वास आला असता. फोनला वास कुठे येतो? तेवढ्यासाठीच ही टूम निघाली असणार.

टूम दूध संघाची. तिथली जी पोरगी हे सगळं जुळवते तिला मी साखरतोंडी म्हणते. दर वाक्याआधी "किती छान!" ज्यांना गोठा सोडायचाय आणि ज्यांना घ्यायचाय त्यांनी घरबसल्या एकमेकांचं घर बघायचं, गोठा बघायचा, रोजचं काम कसं चालतं ते बघायचं. माझ्यासाठी तीन कुटुंबं काढली आहेत. मग शेवटी पसंती कळवायची, दोन्हीकडून. दोन्हीकडून! म्हणजे तेही मला पसंत करणार. हसू आलं.

सोडायचं माझ्या मनात नव्हतं. पण गुडघे फितूर झाले. डॉक्टर म्हणाला, "आजी, उकिडवं बसणं बंद. आता धार काढायची ती स्वप्नात." त्याला तो विनोद वाटला. मुलगा लांब शहरात, त्याला गाय म्हणजे दुधाच्या पिशवीवरचं चित्र. तेव्हा एक तर कोणी बरं कुटुंब इथे राहायला येऊन गाईंसकट गोठा सांभाळेल, नाहीतर थंडी सरता सरता व्यापाऱ्याची गाडी येईल आणि एकेक गाय वेगळ्या दारी जाईल. हाताने वाढवलेलं खिल्लार असं उधळलेलं मी बघणार नाही. माझ्या अटी दोनच. मागची खोली मरेपर्यंत माझी. आणि गोठ्यात जायला मी कोणाला विचारणार नाही.

आजचं कुटुंब म्हणजे नवरा आणि बायको. दोघांच्या पायांत खोक्यातून नुकतेच काढलेले बूट. जमीन अशी चकचकीत की गाई बिचाऱ्या घसरू नयेत म्हणून जपून उभ्या. मी म्हटलं, "चेहरे पुरे झाले. शेपट्या दाखवा." जमीन तासाभरात धुता येते, शेपटीचा गोंडा तसा निघत नाही. शेवटी दाखवल्या. वाळलेल्या शेणाचे गोळे लोंबत होते. बायको म्हणाली, "आज जरा गडबड झाली." ते गोळे आजचे नव्हते, बाई!

आमच्या बाजूचा फोन धाकटीने धरला होता. धाकटी म्हणजे माझी जाऊ. फोन असा हलवत होती की त्यांना आमचा गोठा भूकंपात दिसला असेल.

१३ नोव्हेंबर

चकचकीत जोडप्यावर काट. बूट जुने झाल्यावर या म्हणावं.

१९ नोव्हेंबर

आज दुसरे. हे शिकलेलं तरुण जोडपं. फोन लागल्या लागल्या त्या मुलाने चष्मा सारखा केला आणि विचारायला सुरुवात. पाणी किती खोलीवर? दवाखाना किती लांब? फोनला रेंज कुठल्या खोलीत येते? मागची खोली तुमची, मग स्वयंपाकघर एक का दोन? मी गाईंचा गोठा देतेय का परीक्षेला बसलेय? प्रश्नपत्रिका, असंच नाव ठेवलं मी त्याचं.

पण कहर पुढेच. त्यांच्या गाई हंबरत होत्या. साधं हंबरणं नव्हे, कळवळून. एकीच्या सडांतून दूध टपटप खाली गळत होतं. विचारलं तर म्हणतो, "धार मुद्दामच काढली नाही. तुम्हाला काढून दाखवायची होती." पाहुण्यांना दाखवायला कास तुंबवून ठेवली! माणसाच्या बाबतीत असं करतात का? पाहुणे येणार आहेत, तोवर लघवीला जाऊ नको, म्हणतात का? मी हेच विचारलं. साखरतोंडी मध्येच "किती छान चर्चा!" म्हणाली.

त्याच्या बायकोने तरी हात धुवून धार काढायला घेतली. दोन बोटांत सड ओढत होती, मोबाइलची वायर ओढावी तशी. मी डोळे मिटून घेतले. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, नवीन आहे ती. शिकेल." हिला कोणी विचारलं?

२० नोव्हेंबर

प्रश्नपत्रिका बाद. साखरतोंडीला फोन करून सांगितलं. ती म्हणते, "मावशी, पसंती शेवटी कळवायची असते." मी म्हटलं, "मग शेवटी कळव. पण आत्ता ऐकून ठेव."

धाकटीबद्दल कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे? दीर गेला तेव्हा ती तरणीताठी होती. माहेरी कोणी उरलं नव्हतं, मी म्हटलं राहा. राहिली. पहाटेची धार ती काढते, संध्याकाळचीही हल्ली तीच. वैरण, शेण, पाणी, सगळं करते, पण तोंडातून ब्र नाही. धार काढताना मात्र गाईंशी काहीबाही बोलत असते. काय बोलते ते एकदा भिंतीआडून ऐकलं. "आज पेंड द्यायची राहूनच गेली, उद्या देते हं." गाईला! आणि माझ्यापुढे आली की मुकी. गोगलगाय, पोटात पाय.

२६ नोव्हेंबर

तिसरे. आता याच लोकांवर सगळी भिस्त. आणि निघाले कोण? — हसरे! आजी, मुलगा, सून. तिघंही विनाकारण हसतात. फोन उलटा धरला म्हणून हसले. सरळ झाला म्हणून हसले. वासराने मुलाचा सदरा चघळला, पुन्हा हसले. सून गरोदर आहे, पोट पुढे घेऊन घमेलं उचलत होती आणि तेही हसत हसत.

गोठा जुना. एका खांबाला फळी ठोकून आधार दिलेला. अर्धा गोठा तर रिकामाच! अर्धा गोठा रिकामा आणि तोंडभर हसू, याला काय म्हणावं? म्हणाले, जागा आहे पण चांगल्या गाई नाहीत, म्हणूनच तुमचा गोठा बघतोय. मी शेपट्या दाखवायला सांगितलं. मुलाने लगेच एकेक शेपटी उचलून दाखवली, "ही घ्या, ही घ्या," भाजी विकावी तसं. स्वच्छ होत्या. मान्य करते. पण खुरं वाढली आहेत. ते मी बोलून दाखवलं. मुलगा म्हणाला, "खरंय मावशी, राहून गेलंय." त्याला राग यायला हवा होता. आला नाही. अशा माणसांचा भरवसा वाटत नाही मला.

मग आमची पाळी. मी एकेक गाय दाखवत गेले, कोण कधीची, कोणाला दूध किती, कोण गाभण, कोणाची लाथ कधी बसते. मध्येच ती आजी म्हणते, "फोन कोणी धरलाय? तिला दाखवा की!"

मी म्हटलं, "ती घरचीच आहे."

"घरची आहे म्हणूनच तर. ये गं, पुढे ये!"

धाकटीने फोन फिरवला, तर पडद्यात नुसता तिचा कान आणि लाजून लाल झालेला गाल. ते सगळे पुन्हा हसले. तीसुद्धा हसली! आजीने विचारलं, मागची खोली तुमची, मग या कुठे राहणार? मी म्हटलं, "राहील कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

आता हिचा काय संबंध? एवढी चौकशी आमच्या सख्ख्यांनी केली नाही कधी. मी गव्हाणीकडे वळले आणि मुरघासाचं, खड्ड्यात मुरवलेल्या वैरणीचं, सांगायला लागले.

२९ नोव्हेंबर

धाकटी पाण्याच्या टाकीआड उभी राहून फोनवर बोलत होती. हसत होती! कोण, विचारलं तर, "त्या आजी. वासराला हगवण लागलीय, काय करू विचारत होत्या." मग मला विचारायचं! गाईंची मालकीण कोण?

३ डिसेंबर

पडले. गव्हाणीजवळ. पाय घसरला नाही, कोणी ढकललं नाही, गुडघा सरळ खाली बसला, जसा काही माझा नव्हताच. काळी गाय माझ्याकडे वाकून बघत होती. मी तिच्या पायांत पडले होते आणि तिने पाय हलवला नाही. माणसांपेक्षा जास्त अक्कल आहे तिला.

धाकटीने काखेत हात घालून उठवलं. शेक दिला. मग माझं अर्धं राहिलेलं वैरणीचं काम उरकायला गेली, आणि त्याचाच जास्त राग आला.

मी घाबरले आज. खरं तेच लिहिते. मरणाला नाही घाबरत. गाई एकेक करून गाडीत चढताना बघत खाटेवर पडून राहावं लागेल, त्याला घाबरते.

५ डिसेंबर

ठरवलं. हसरेच. वासरात लंगडी गाय शहाणी! निदान त्यांच्या शेपट्या स्वच्छ आहेत, बाकी शिकवीन. हसणं कमी करायला लावीन. खुरं पहिल्याच आठवड्यात कापून घेईन. त्या आजीला सांगीन की पोरीबाळींच्या चौकशा आपापल्या घरी.

साखरतोंडीला कळवलं, आणखी एक भेट ठेव, मग होकार देते. म्हणाली, "किती छान! पण मावशी, तेही..." तेही काय? नाही म्हणायला त्यांना वेड लागलंय का? तयार गोठा, बारमाही पाणी, दुभत्या गाई. असं ताट कोण लाथाडतं?

आज मागची खोली झाडून घेतली. खाट खिडकीशी लावायची, म्हणजे पडल्या पडल्या गोठ्याचं दार दिसेल. धाकटीची खाट वैरणीच्या खोलीत बसेल. बसवून बघितली, थोडी तिरकी बसते. तिला चालेल. तिला काय, सगळंच चालतं.

९ डिसेंबर

उद्या भेट, दुपारी. साखरतोंडीला तीच वेळ जमते. दुपारी गाई रवंथ करत बसलेल्या असतात, मेल्यासारख्या. तशा नाही दाखवायच्या. भरल्या कासेच्या, उभ्या, तेजदार दिसायला हव्यात. म्हणून धाकटीला सांगितलं, उद्या पहाटेची धार काढू नकोस.

ती म्हणाली, "ताई, कास तुंबेल."

एक दिवस उशीर झाला म्हणून आकाश कोसळत नाही. आणि मी त्या प्रश्नपत्रिकेसारखं मिरवायला करत नाहीये. माझा प्रश्न आयुष्याचा आहे. पण हे तिला कोण समजावणार? गाढवाला गुळाची चव काय!

१० डिसेंबर

लिहायचं नव्हतं. हात थांबत नाही.

गोठा धुतला होता. दावी नवी. मी ठेवणीतले कपडे घातले. पण सकाळी उन्हं वर आल्यापासून गाई हंबरत होत्या, लाथा झाडत होत्या, काळी तर भिंतीला अंग घासत होती. फोन लागला तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येईना. मी ओरडून सांगत होते, "ही बघा कास! ही बघा!" आणि ती तिकडची आजी, पहिल्यांदाच न हसता, म्हणाली, "त्यांचं दूध गळतंय हो. धार नाही काढली का?"

मी म्हटलं, आत्ता काढायचीच होती.

तेवढ्यात फोनमधलं चित्र हललं. धाकटीने फोन गवताच्या भाऱ्यावर ठेवला, उताणा! आणि बादली घेऊन सरळ काळीपाशी बसली. मी म्हटलं, "फोन उचल!" उठली नाही. "अगं, लोक बघतायत!" मान वळवली नाही. कपाळ काळीच्या कुशीला टेकवलं आणि म्हणत राहिली, "झालं हं, झालं, चुकलं आपलं, झालं." मग धारांचा आवाज. एकामागून एक, सगळ्या गाई गप्प होत गेल्या.

मला वाकून फोन उचलता येत नव्हता. गुडघा! त्या लोकांना नुसतं छपराचं लाकूड दिसत असणार. तरी फोन बंद केला नाही कोणी. ऐकत बसले होते तिघंही, एवढा वेळ. साखरतोंडीसुद्धा "किती छान" म्हणाली नाही.

माझी अशी शोभा आजवर कोणी केली नव्हती. रात्री जेवले नाही. तिनेही आग्रह केला नाही.

१२ डिसेंबर

कळवतील. न कळवून जातात कुठे!

१५ डिसेंबर

साखरतोंडी स्वतः आली, गाडी काढून. तेव्हाच ओळखलं. चांगली बातमी असती तर फोनवर चिवचिवली असती. चहा घेतला, दोनदा ढवळला, साखर नसताना.

तिघांनीही नकार कळवलाय.

तिघांनीही! ज्यांच्यावर मी काट मारली त्यांनीसुद्धा. चकचकीतांची हिंमत बघा. म्हणे, गोठा उत्तम, गाई उत्तम, पण... मी म्हटलं, पण काय? पोरगी खाली बघायला लागली. "ते म्हणाले, मागच्या खोलीतून रोज कोणीतरी शेपट्या बघायला येणार असेल तर आम्हाला जमणार नाही." आणि प्रश्नपत्रिका? "त्यांच्या बायकोला तुमची भीती वाटली, मावशी. धार काढताना तिचे हात कापत होते." मी एवढंच म्हटलं, "बरं झालं, वाचल्या आमच्या गाई."

आणि हसरे? सुनेचे दिवस भरत आलेत, आता घर हलवत नाही म्हणाले. पण, इथे ती पोरगी आणखीच चाचरली, त्या दुसऱ्या मावशी आमच्याकडे राहायला येतील का, असं विचारलंय. मदतीला. घरच्यासारखी राहील म्हणाले.

दुसऱ्या मावशी!

धाकटी दारात उभी होती, हातात रिकामी बादली. चेहऱ्यावर आश्चर्य नाही. म्हणजे हिला ठाऊक होतं. टाकीआडचं हसणं, वासराची हगवण, सगळं उलगडलं. मी तीन घरं बघत बसले, आणि हिने तेवढ्यात आपल्यासाठी घर बघून ठेवलं. माझ्याच फोनवर!

मी साखरतोंडीसमोर म्हटलं, "जा की. तुला कोणी धरून ठेवलंय?" धाकटी वळली, बादली घेऊन गोठ्यात गेली.

१६ डिसेंबर

व्यापाऱ्याला निरोप धाडला. उद्याच ये म्हटलं, सगळ्या ने. एकदा नासायचंच तर सगळंच नासू दे. धाकटी आज कपडे घड्या घालत होती. तिचे थोडे, मग माझेही घेतले वाळत घातलेले. माझ्या कपड्यांना हात लावू नको म्हणाले. तिने ठेवले नाहीत, घड्या घालत राहिली. बहिरी आहे का ही?

काळीला आज माझ्या हाताने पेंड घातली. दिवसभर रडायला येत होतं, पण धाकटीसमोर नाही रडणार.

१७ डिसेंबर

व्यापारी येऊन परतसुद्धा गेला. धाकटीने पाठवला! मला न विचारता, फाटकातूनच. मी खाटेवरून उठून बाहेर येईपर्यंत गाडी वळली होती. ओरडायला तोंड उघडलं, तर तीच बोलली. इतक्या वर्षांत माझ्याआधी पहिल्यांदा.

"ताई, त्यांचा अर्धा गोठा रिकामा आहे ना. सगळ्या गाई मावतात, मी विचारलं. वाटून नाही, सगळ्या एकत्र. मला बोलावलं तेव्हाच मी त्यांना सांगितलं, येईन तर ताईंना घेऊन येईन. ताईंना स्वतःची खोली हवी, आणि गोठ्यात जायला त्या कोणाला विचारणार नाहीत. आजी काल म्हणाल्या, आणा."

मी मटकन पायरीवर बसले. रडले, तिच्यासमोरच.

खोली केवढी आहे, उजेड येतो का, खिडकी कुठल्या बाजूला — काही म्हणजे काही विचारलं नाही.